लाईट गेल्यावर फ्रीजमधलं अन्न वासावरून कळत नाही
"वास घेऊन बघ, आंबट नाही ना, मग चालतंय" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, पण हे चुकीचं आहे आणि लाईट बराच वेळ गेलेली असेल तर धोक्याचंच. वास येतो तो अन्न नासवणाऱ्या जंतूंमुळे, आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वेगळेच असतात, त्यांच्यामुळे ना वास बदलतो ना चव. आणि परत खळखळून उकळलं की झालं असंही नाही हो, स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू जे विष सोडतो ते उकळूनसुद्धा जात नाही.

मग बघायचं काय, तर घड्याळ. दार उघडलंच नाही तर फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. दूध, मांस, शिजवलेलं अन्न ४ डिग्रीच्या वर २ तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर टाकायला जिवावर येतं, कळतं मला, तरी टाकाच. बाहेरगावी जाताना फ्रीझरमधे एका वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवून जा, आल्यावर नाणं तळाशी दिसलं म्हणजे मधे सगळं वितळून परत गोठलंय.