लोकसेवा आणि शासकीय धोरणांतील वर्तनविज्ञान

माणसे प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात, कुठे विसरतात, कशाला बिचकतात आणि कशाला कंटाळून अर्ध्यावरून परत फिरतात, याच्या पद्धतशीर अभ्यासाचा आधार घेऊन शासकीय योजना, नियम, अर्ज, पत्रव्यवहार आणि सेवा यांची आखणी करण्याच्या पद्धतीला शासकीय धोरणांतील वर्तनविज्ञान असे म्हणतात. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तिचे दोन मुख्य आधार असून समाजशास्त्र व संख्याशास्त्र यांचीही तिला जोड मिळते. कायदा, कर, दंड, अनुदान आणि प्रचार ही शासनाची जुनी साधने आहेत आणि ही पद्धत त्यांना बाजूला सारत नाही. नागरिकाला माहिती दिली की ती त्याला समजते, समजली की तो हिशेब करतो आणि हिशेब फायद्याचा निघाला की तो लगेच कृती करतो, हे ज्या गृहीतकावर ती साधने उभी असतात, तेच ही पद्धत तपासून पाहते.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात दिला. माणसाची स्मृती, लक्ष आणि वेळ मर्यादित असल्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत न बसता ‘पुरेसा बरा’ पर्याय सापडताच थांबतो, असे त्यांनी दाखवले. पुढे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून हे स्पष्ट झाले की, तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते आणि त्याच्या चुका स्वैर नसून ठरावीक दिशेने होतात. चुका ठरावीक असतील तर त्यांचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधता येत असेल तर व्यवस्था त्यानुसार रचता येते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि कायदेतज्ज्ञ कॅस सनस्टाइन यांनी २००८ मधील ‘नज’ या ग्रंथात हाच विचार धोरणकर्त्यांपुढे ठेवला. कोणताही पर्याय बंद न करता आणि आर्थिक लाभहानीत लक्षणीय फरक न करता, केवळ पर्यायांच्या मांडणीतून माणसाला एखाद्या दिशेने वळवणे, असा ‘नज’ या शब्दाचा त्यांना अभिप्रेत अर्थ आहे.

अशा मांडणीचे सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणजे पूर्वनिश्चित पर्याय, म्हणजेच नागरिकाने काहीही केले नाही तर आपोआप लागू होणारी स्थिती. निवृत्तिवेतनाच्या योजनेत नाव नोंदवायचे तर अर्ज करावा लागतो, अशी व्यवस्था असेल तर पुष्कळ कर्मचारी इच्छा असूनही वर्षानुवर्षे बाहेरच राहतात. नाव आपोआप नोंदले जाते आणि नको असल्यास बाहेर पडता येते, अशी व्यवस्था केली की बहुसंख्य आतच राहतात. ब्रिटनने २००८ च्या कायद्याने ही पद्धत स्वीकारली आणि २०१२ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू केली. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांची योजना याहून एक पाऊल पुढची होती. कर्मचाऱ्याने आजच्या पगारातून जादा बचत करण्याऐवजी भविष्यातील पगारवाढीचा काही भाग बचतीकडे वळवण्याचे वचन आज द्यायचे, अशी तिची रचना होती. हातातले काही कमी होत नसल्यामुळे तोट्याची भावना जागी होत नाही. पहिल्या प्रयोगात सहभागी झालेल्यांचा बचतीचा सरासरी दर ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला.

पूर्वनिश्चित पर्यायाचे यश पाहून तो सर्वत्र लावण्याचा मोह होतो, आणि अवयवदानाच्या बाबतीत या मोहाची मर्यादा दिसते. नकार न नोंदवणाऱ्यांची संमती गृहीत धरणाऱ्या देशांत संमतीदार म्हणून गणल्या जाणाऱ्यांचे प्रमाण अतिशय उच्च असते. २००३ मधील एका गाजलेल्या तुलनेत ते ऑस्ट्रियात जवळजवळ शंभर टक्के, तर स्वतःहून नोंदणी करावी लागणाऱ्या जर्मनीत १२ टक्के होते. मात्र कागदावरची संमती आणि प्रत्यक्ष झालेले प्रत्यारोपण यांत रुग्णालय, प्रशिक्षित समन्वयक आणि शोकाकुल कुटुंबाशी होणारे बोलणे उभे असते. स्पेन या क्षेत्रात जगात अग्रेसर मानला जातो. तेथे गृहीत संमतीचा कायदा १९७९ मध्ये झाला; तरीही वाढीचे श्रेय जाणकार त्या कायद्यापेक्षा १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेला आणि रुग्णालयांतील समन्वयकांच्या जाळ्याला देतात.

या विषयाची चर्चा बहुधा पूर्वनिश्चित पर्यायांभोवती फिरत असली, तरी सामान्य नागरिकाच्या दृष्टीने त्याचा अधिक मोलाचा भाग निराळा आहे. शासकीय सेवा मिळवताना पडणारे हेलपाटे, न समजणारी भाषा, पुन्हा पुन्हा मागितली जाणारी तीच कागदपत्रे, लांबलचक रांगा आणि मुदत उलटून गेल्यावर कळणारे नियम यांना आता संशोधक स्वतंत्र अभ्यासविषय मानतात. पॅमेला हर्ड आणि डोनाल्ड मॉइनिहान यांनी या प्रशासकीय ओझ्याचे तीन भाग पाडले आहेत: योजना समजून घेण्याचे कष्ट, अटी पूर्ण करण्याचे कष्ट, आणि या सगळ्यात सोसावा लागणारा मनस्ताप व अपमान. हे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याच्याकडे वेळ, शिक्षण आणि मदतीला माणसे आहेत तो ते पार करतो, आणि ज्याच्यासाठी योजना आखली तोच नेमका गळतो.

अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी मिळणाऱ्या शासकीय अर्थसाहाय्याचा अर्ज हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यात शंभराहून अधिक प्रश्न होते आणि त्यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे कुटुंबाच्या करविवरणात आधीच नोंदलेली असत. एरिक बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात करविवरण भरून घेणाऱ्या कार्यालयातच कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांचा हा अर्ज भरून देण्यात आला. अशा कुटुंबांतील शालान्त वर्गातल्या मुलांपैकी पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. याच प्रयोगातील आणखी एका गटाला किती साहाय्य मिळू शकेल याची माहिती दिली होती, पण अर्ज भरण्यास मदत केली नव्हती. त्या गटात काहीच सुधारणा दिसली नाही. अडचण माहितीच्या अभावाची नव्हती, अर्जाची होती. पुढे कायद्यानेच हा अर्ज सुटसुटीत करण्यात आला, परंतु २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या अर्जाला विलंबाने आणि तांत्रिक बिघाडांनी ग्रासले. अर्ज सोपा करायचे ठरवणे आणि तो सोपा अर्ज नीट चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

दुसरे उदाहरण न्यायालयाच्या समन्सचे. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यासाठी हातात दिल्या जाणाऱ्या समन्सवर हजर राहण्याची तारीख व ठिकाण चटकन नजरेत भरत नसे. तारीख चुकली की अटकेचे वॉरंट निघे. नमुना बदलून ही माहिती ठळकपणे वर आणली, गैरहजेरीचा परिणाम स्पष्ट लिहिला, आणि गैरहजर राहणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांनी घटले. आठवण करून देणाऱ्या मोबाइल संदेशांनी ते २१ टक्क्यांनी घटले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. लोक मुद्दाम गैरहजर राहतात असा सामान्य माणसांचा समज न्यायव्यवस्थेतील व्यावसायिकांपेक्षा अधिक पक्का असतो, आणि तो समज असला की उपाय म्हणून कागद सुधारण्याऐवजी शिक्षा वाढवणे योग्य वाटते. चूक नागरिकाच्या वृत्तीत शोधायची की आपल्या नमुन्यात, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाला लागू पडतो.

अडथळा नेहमी वाईटच असतो असे नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून पॅरासिटॅमॉलच्या एका पाकिटात किती गोळ्या विकायच्या यावर मर्यादा घालण्यात आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये या औषधाच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू पुढील वर्षांत लक्षणीय घटल्याचे दीर्घकालीन अभ्यासात आढळले. क्षणिक आवेगाच्या वाटेत थोडा वेळ आणि थोडे कष्ट आडवे घालणे हेही वर्तनाच्या जाणकारीतून सुचणारे धोरण आहे, जरी त्या वेळी त्याला असे नाव कोणी दिले नव्हते.

इतर लोक काय करतात याची माहिती देणे हे आणखी एक परिचित साधन आहे. ब्रिटनच्या करखात्याने २०११ मध्ये थकबाकीदारांना पाठवलेल्या पत्रांत निरनिराळी वाक्ये घालून पाहिली. दहापैकी नऊ जण कर वेळेवर भरतात आणि तुम्ही न भरणाऱ्या अगदी थोड्यांपैकी आहात, हे वाक्य सर्वांत प्रभावी ठरले. या साधनालाही उलटी बाजू आहे. कॅलिफोर्नियातील २००७ च्या एका अभ्यासात शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी तो कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. त्यांच्या पत्रकावर शाबासकीचा हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली.

कोणते वाक्य चालेल हे टेबलाशी बसून सांगता येत नाही, म्हणून चाचणी हा या पद्धतीचा कणा आहे. नागरिकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक गट पाडायचे, एका गटाला जुने पत्र आणि दुसऱ्याला नवे द्यायचे, आणि फरक मोजायचा. डेव्हिड हॅल्पर्न यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मंत्रिमंडळ कार्यालयात २०१० मध्ये स्थापन झालेल्या वर्तनविषयक पथकाने ही शिस्त प्रशासनात रुळवली. अमेरिकेत २०१४ मध्ये असे पथक आले आणि २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी त्याला कार्यकारी आदेशाचे पाठबळ दिले. जागतिक बँकेने आपला २०१५ चा विकास अहवाल याच विषयाला वाहिला. त्यानंतर अनेक देशांत अशी पथके निघाली.

याच शिस्तीने या क्षेत्राच्या दाव्यांनाही वेसण घातली, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतील दोन पथकांच्या १२६ चाचण्या, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख लोकांवरील प्रयोग, एकत्र तपासले. विद्यापीठीय नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा (म्हणजे दोन टक्केवारींतील थेट वजाबाकीचा) होता. पथकांच्या प्रत्यक्ष कामात तो १.४ टक्के-बिंदूंचा निघाला. यशस्वी प्रयोगच छापले जातात आणि फसलेले कपाटात राहतात, हे या तफावतीचे मोठे कारण आहे. सही अर्जाच्या शेवटी न घेता सुरुवातीला घेतली तर लोक अधिक खरे लिहितात, हा २०१२ मधला निष्कर्ष तर अनेक ठिकाणी सल्ला म्हणून दिला गेला होता. मूळ विदा (आकडेवारी) बनावट असल्याचे उघड झाल्याने तो शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. अर्थात १.४ टक्के-बिंदूंचा फरकही, तो जवळजवळ फुकट मिळत असेल आणि लाखो लोकांना लागू होत असेल, तर दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

अधिक मूलभूत आक्षेप निक चेटर आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी २०२२ मध्ये घेतला. दोघेही याच क्षेत्रातले असल्यामुळे त्याला वजन आहे. हवामानबदल, लठ्ठपणा, अपुरी निवृत्तिबचत हे प्रश्न व्यक्तीच्या दुबळेपणाचे म्हणून मांडले की कर, नियमन आणि संस्थात्मक बदल यांवरील लक्ष उडते, आणि ज्यांना असे बदल नको आहेत त्यांना ते सोयीचे ठरते, असे ते म्हणतात. विजेच्या बिलावर शेजाऱ्यांशी तुलना दिल्याने वापर सुमारे २ टक्क्यांनी घटतो. ते चांगलेच आहे, पण तेवढ्याने ऊर्जाधोरण होत नाही.

नैतिक आक्षेप असा की, शासनाने नागरिकाला त्याच्या नकळत वळवणे ही त्याच्या स्वायत्ततेची पायमल्ली आहे. कोणता ना कोणता पर्याय आधी लिहावाच लागतो आणि तटस्थ अर्ज अस्तित्वात नसतो, हे समर्थकांचे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. बाहेर पडण्याची वाट आत येण्याइतकीच सोपी आहे का, आणि शासन आपली युक्ती उघडपणे सांगू शकेल का, हेही विचारावे लागते. दुसऱ्या प्रश्नाबाबत लोवेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांचा २०१५ मधील प्रयोग उपयुक्त आहे. गंभीर आजारात कोणते उपचार हवेत याचे आगाऊ इच्छापत्र भरताना सहभागींना आधीच सांगण्यात आले की, एक पर्याय निवडून ठेवला असून त्याचा तुमच्या निर्णयावर परिणाम होऊ शकतो. तरीही त्या पर्यायाचा प्रभाव फारसा ओसरला नाही.