‘आज खूप दुखतंय, आज राहू दे’ : आमवात असलेल्या आमच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक

सकाळी साडेसात-आठला आमच्या व्यायामोपचार केंद्राचा फोन वाजतो आणि पलीकडून बहुतेक वेळा हेच ऐकू येतं: ‘मॅडम, आज खूप दुखतंय, आज राहू दे. बरं वाटलं की येते.’ मग ते बरं वाटणं आठ-दहा दिवसांनी येतं, आणि तोवर दीड महिन्यात कमावलेली निम्मी ताकद निघून गेलेली असते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुमचे पैसे जातात, वेळ जातो, आणि ‘व्यायाम करूनही काही फरक नाही’ असं मनात बसतं ते वेगळंच. हे पत्रक मुख्यतः या एका फोनसाठी लिहिलं आहे. वजनाबद्दलही लिहिलं आहे, कारण दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न तोच असतो.

ज्यांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो आजार आहे, त्यांच्यासाठी हे आहे. वयामुळे गुडघे झिजलेल्यांसाठी वेगळं पत्रक काउंटरवर मिळेल. दोन्हींना लोक ‘संधिवात’च म्हणतात, पण दोन्हींचं वागणं वेगळं. झिजेत सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो आणि दिवसभराच्या वापराने दुखणं वाढतं. आमवातात सकाळी तास-तास मूठ वळत नाही आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळं वाटतं. आजार काय आहे, रक्ततपासणीतला आर.ए. फॅक्टर म्हणजे काय, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतंच, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

दुखऱ्या दिवशी न येणं ही अर्धीच चूक आहे. खरी चूक त्याच्या आदल्या, चांगल्या दिवशी झालेली असते.

आमच्याकडे कोरेगावच्या बाजूने येणाऱ्या एका ताईंचं उदाहरण देते, त्यांना विचारूनच देत आहे. औषध लागू पडलं होतं, सूज उतरली होती. हाताची ताकद पाहण्यासाठी आम्ही बीपी मोजायचा पट्टा गुंडाळून, 20 वर काटा येईल इतका फुगवतो आणि मुठीत दाबायला देतो. पहिल्या दिवशी त्यांचा काटा 60 च्या पुढे जात नव्हता, सहा आठवड्यांनी 110 वर गेला. दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यांना सकाळी उठल्यापासून हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांची कामं साठलेली. त्यांनी दोन रजया धुतल्या, दुपारभर सोऱ्या दाबून चकल्या पाडल्या आणि संध्याकाळी नातेवाइकांबरोबर टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून आल्या. सोमवारी मनगटं टम्म सुजलेली, पायाचे चवडे जमिनीला टेकवत नव्हते. दहा दिवस त्यांनी काहीच केलं नाही, आल्याही नाहीत. अकराव्या दिवशी काटा 70 वर थांबला. त्या रडल्या, आणि मलाही फार वाईट वाटलं, कारण त्यांनी आळस केला नव्हता. उलट घरातल्या कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच केलं होतं.

चांगल्या दिवशी झेपेल त्याच्या दुप्पट, वाईट दिवशी शून्य, हे चक्र मोडायचं असेल तर दोन्ही दिवसांचं काम आधीच ठरलेलं हवं. म्हणून पहिल्या आठवड्यातच आम्ही तुम्हाला एक कागद देतो. त्यावर चांगल्या दिवसाची कमाल मर्यादा असते आणि वाईट दिवसाचा किमान व्यायाम असतो. मर्यादा ओलांडायची नाही, किमान चुकवायचं नाही. ताईंच्या कागदावर आता लिहिलेलं आहे: सोऱ्या असो की पोळ्या, सलग वीस मिनिटांनंतर दहा मिनिटं हात मोकळे. चढावर चालणं महिनाभर नाही, सपाटीवर रोज. कमाल किती याचा अंदाज दोन तासांच्या नियमाने येतो. व्यायाम किंवा काम संपल्यावर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलंच असेल, तर पुढच्या वेळी तेवढं कमी करायचं. बंद करायचं नाही, कमी करायचं. हा फरक कृपया लक्षात ठेवा.

आणि दुखऱ्या दिवशी तर नक्की या. त्या दिवशी आम्ही तुमच्याकडून वजनं उचलून घेणार नाही. वीस मिनिटांचं काम असतं. गरम लागणाऱ्या, सुजलेल्या सांध्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. प्रत्येक सांधा जेवढा सहज जाईल तेवढाच, हळूवार, दोन-तीन वेळा पूर्ण फिरवून आणणं, म्हणजे तो आखडत नाही. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. यात सांधा हलत नाही, मांडीचा स्नायू मात्र जागा राहतो. मनगटाला पट्टी बांधून देतो आणि घरी पाठवतो. सूज नसून नुसताच ताठरपणा असेल तेव्हा शेक चांगला. सुजलेला, लाल सांधा मात्र तेल लावून चोळू नका, घरच्या कुणालाही चोळू देऊ नका.

अशा दिवसाची आम्ही अर्धीच फी घेतो. ऐन वेळी रद्द केलं तर पूर्ण फी का, असं काहीजण नाराजीने विचारतात. आमच्याकडे एका वेळी एकच रुग्ण असतो. पाच-सहा जणांना मशीन लावून खोलीत झोपवून ठेवण्याची पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही, त्यामुळे तुमची रिकामी वेळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवलंत तर काहीही आकारत नाही. येणं खरंच अशक्य असेल, एसटी नसेल, पाऊस असेल, तर व्हिडिओ कॉलवर तोच वीस मिनिटांचा व्यायाम करून घेतो.

व्यायामाने सांधे आणखी झिजतील ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगायचे, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचा आग्रह असतो की पडून राहा. नेदरलँड्समध्ये सुमारे 300 आमवाताच्या रुग्णांवर दोन वर्षं चाललेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगला जोरकस व्यायाम करणाऱ्यांची कामाची क्षमता वाढली आणि एकंदरीत क्ष-किरण चित्रांत सांध्यांचं नुकसान वाढलेलं दिसलं नाही. मात्र ज्यांचे गुडघा, खांदा असे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्या बाबतीत सावधगिरी हवी असं त्यातच पुढे आलं. आम्ही पहिल्या भेटीत एक्स-रे मागतो तो याचसाठी. ‘नुसत्या व्यायामाला एक्स-रे कशाला’ याचं उत्तर हे आहे. हातांसाठी ब्रिटनमध्ये 490 रुग्णांवर झालेला अभ्यास 2015 चा आहे. ठरवून दिलेले बोटांचे आणि मनगटाचे व्यायाम करणाऱ्यांचे हात वर्षभरानंतर जास्त चांगलं काम करत होते. आमच्याकडच्या हातांच्या व्यायामाची आखणी याच धर्तीवर आहे.

आता वजन. ‘वजन उतरवून द्या, दुखणं आपोआप जाईल’ असं म्हणत बरेच जण येतात. यात तथ्य आहे. शरीरातली चरबी नुसती साठून राहत नाही, सूज वाढवणारे पदार्थ तयार करते. वजन फार असेल तर आमवाताच्या औषधांचा गुणही कमी येतो. आणि गुडघ्याचं म्हणाल तर, वजन जास्त असलेल्या गुडघेदुखीच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, 2005 च्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो असं दिसलं.

पण काट्यावरचा आकडा आमवातात फसवतो. दीर्घकाळ सूज राहिली की शरीर स्वतःचा स्नायू खात जातं, आणि हालचाल कमी झाल्याने त्या जागी चरबी येते. वजन 64 होतं, 64 च आहे, पण दंड-मांड्या बारीक आणि पोट मोठं. अशा माणसाने उपाशी राहून पाच किलो कमी केले तर त्यातला बराचसा स्नायूच जातो, आणि मग खुर्चीतून उठतानाही हाताचा आधार लागतो. म्हणून आम्ही वजन महिन्यातून एकदाच करतो. दर पंधरा दिवसांनी मोजतो ते कमरेचा घेर, हाताची पकड, आणि हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता. आपल्या भारतीय बांध्यासाठी कमरेचा घेर बायकांनी 80 सेंटीमीटरच्या आणि पुरुषांनी 90 च्या आत ठेवावा असं मानतात. उठण्याची संख्या 7 वरून 11 झाली आणि वजन तेवढंच राहिलं, तरी आमच्या दृष्टीने तुम्ही जिंकलात.

स्टेरॉइड चालू असेल तर भूक लागते, चेहरा आणि पोट भरतं. हा तुमचा हावरटपणा नाही, गोळीचा परिणाम आहे. तरीही ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर धोका होतो. किती आणि कधी कमी करायची ते तुमचे संधिवाततज्ज्ञच ठरवतील. आम्ही औषधात कधीही बदल सुचवत नाही. एवढं मात्र प्रत्येकाला विचारतो की मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं औषध आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घेता ना? रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

खाण्याबद्दल जरा मोकळेपणाने लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांनी आधीच बरंच काही सोडलेलं असतं. आंबट म्हणून दही, ताक, चिंच, टोमॅटो बंद. वातूळ म्हणून वांगं, हरभरा, वाटाणा बंद. आणि ‘युरिक ॲसिड वाढेल’ म्हणून डाळी, कडधान्यं बंद. युरिक ॲसिडचा आजार वेगळा, त्याला गाऊट म्हणतात. आमवाताचा त्याच्याशी संबंध नाही. एवढं सगळं सोडल्यावर ताटात उरतं काय? भात, पोळी-दूध, आणि दिवसातून पाच वेळा चहा-बिस्किट. दोन चमचे साखरेप्रमाणे पाच चहांत दहा चमचे होतात, म्हणजे दीडशे-दोनशे कॅलरी, आणि प्रथिनं नावापुरती. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. मटकीची उसळ, पिठलं, दही, ताक, अंडी, मासे, मूठभर शेंगदाणे हे सगळं परत ताटात आणा. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला खरंच त्रास होत असेल तर तो पंधरा दिवस सोडून बघा, मग पुन्हा खाऊन बघा. फरक दिसला तर टाळा. पण शेजारच्या काकूंना झालं म्हणून सगळ्यांनी सोडू नये. उपास सोडायला मी कुणालाच सांगत नाही, कारण तो श्रद्धेचा भाग आहे. फक्त साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्याऐवजी राजगिरा, दूध, ताक, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर घ्या.

वजन उतरवण्याची पावडर आम्ही विकत नाही. विक्रेते दर महिन्याला येतात, आम्ही परत पाठवतो. आणि कुणी बिनलेबलची पुडी देऊन ‘आठवड्यात गुण’ म्हणत असेल तर सावध राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दुखणं चटकन पळतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो, आणि पुडी थांबली की दुपटीने उलटतं.

घरकामाचं थोडक्यात: ओले कपडे नळाला वेढा देऊन पिळा, कढई दोन कानांची घ्या आणि तळव्यांनी उचला, बादली अर्धीच भरा, बरणीचं झाकण बोटांनी न फिरवता तळहाताने दाबून फिरवा. मनगटाच्या आणि अंगठ्याच्या पट्ट्या आम्ही तुमच्या हातावर माप घेऊन इथेच बनवतो. दुकानातली तयार पट्टी अनेकांना अंगठ्याच्या मुळाशी काचते आणि मग ती कपाटात पडून राहते. आमची काचली तर दुरुस्त करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

दोन गोष्टींत मात्र आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा. एकच सांधा अचानक लालभडक, गरम झाला आणि अंगात ताप आहे, हा नेहमीचा भडका नसून सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. आणि मान हलवताना हातापायांत विजेचा झटका गेल्यासारखं झालं, किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर. आमवातात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात. याच कारणाने केस कापताना मान मोडून घेण्याची सवय असलेल्या पुरुषांना कळकळीची विनंती: ती आजच सोडा. आम्हीही कुणाची मान झटका देऊन ‘बसवत’ नाही, कितीही आग्रह झाला तरी.

पहिली भेट तासाभराची असते, फोन करूनच या. सकाळी लवकरची वेळ मागू नका, तुमचे सांधे मोकळे झाल्यानंतरची, अकराच्या पुढची घ्या. एक्स-रे, रक्ताचे जुने रिपोर्ट आणि घरात असतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. पुडी असेल तर तीसुद्धा आणा, रागावणार नाही. आणि रोज वापरता तीच चप्पल घालून या, नवी नको. चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होतं असं ज्या सांगतात, त्यांच्या जुन्या चपलेचा तळ कुठे झिजलाय ते पाहिलं की पाय कसा पडतोय ते आम्हाला कळतं.