क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवत सफारी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जांचा क्रम

मोहर्लीच्या गेटबाहेर आपली गाडी लावायची, नोंदणी झालेल्या जिप्सीत बसायचं, सोबत गाइड घ्यायचा, ही ताडोब्याची रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये तसं नाही. भाड्याची साधी सेडान घेऊन तुम्ही थेट आत शिरता. कुठल्या पाणवठ्याकडे वळायचं, हत्तींच्या कळपापाशी पाच मिनिटं थांबायचं की दोन तास, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. हे नॅशनल पार्क १९२६ साली स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी पर्यटकांच्या पहिल्या मोटारी आत आल्या. उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३६० किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. पाच गोवे आत मावतील एवढं.

या सहलीला लागणारा एकही कागद मिळवायला फार कठीण नाही. घोडं अडतं ते क्रमात. आपल्याकडे बहुतेक जण आधी स्वस्त विमान तिकीट शोधतात, मग व्हिसाच्या मागे लागतात आणि सगळ्यात शेवटी पार्कमधली राहण्याची जागा बघतात. तोवर हव्या त्या कॅम्पमधली जागा भरलेली असते. म्हणून मी क्रम उलटा करायला सांगेन: आधी कॅम्प, मग तिकीट, मग व्हिसा, आणि व्हिसा येईपर्यंत आरटीओचं काम, म्हणजे परदेशात गाडी चालवायचं परमिट.

कॅम्पचं बुकिंग

पार्कचं व्यवस्थापन सॅनपार्क्स या सरकारी संस्थेकडे आहे. आतल्या रेस्ट कॅम्पांचं बुकिंग तिच्या संकेतस्थळावर अकरा महिने आधी उघडतं. मे महिन्यात जायचं असेल, तर आदल्या जूनमध्येच बसावं लागतं. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीमुळे मे आपल्याला सोयीचा पडतो आणि प्राणी बघायलाही तो चांगला महिना आहे. पाऊस संपलेला असतो, गवत विरळ व्हायला लागतं आणि प्राणी पाण्याच्या जवळ राहू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ऊन कडक असतं आणि पावसाची सुरुवातही झालेली असू शकते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दक्षिण आणि मध्य भाग धरावा: स्कुकुझा, लोअर साबी, साताऱ्याची आठवण करून देणारं नाव असलेलं सटारा, आणि ओलिफांट्स. एकाच कॅम्पमध्ये सगळ्या रात्री काढू नका, पण रोज सामान बांधावं लागेल असंही करू नका. दोन-दोन रात्रींचे तीन मुक्काम छान जमतात. बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. हेच पत्र पुढे व्हिसाच्या अर्जाला जोडायचं आहे.

राहण्याच्या भाड्याशिवाय प्रत्येक माणसामागे रोजचं संवर्धन शुल्क भरावं लागतं. त्याचे तीन स्तर आहेत: दक्षिण आफ्रिकेचे नागरिक व रहिवासी, शेजारच्या एसएडीसी (आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांचा संघ) गटातल्या देशांचे नागरिक, आणि बाकीचे परदेशी. भारतीय पासपोर्टवर आलेला पर्यटक तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात महाग स्तरात येतो. जोहान्सबर्गला स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडे तिथल्या रहिवासाचा पुरावा असेल, तर त्यांनी तो गेटवर बरोबर ठेवावा. मुक्कामी असाल तर हे शुल्क रात्रींच्या हिशेबाने लागतं. दर नोव्हेंबरपासून बदलतात, त्यामुळे बजेट मांडताना त्या वर्षीचाच दरतक्ता बघा.

मुक्काम न करता सकाळी आत जाऊन संध्याकाळी बाहेर येणाऱ्यांसाठी प्रत्येक गेटवर रोजचा कोटा असतो. तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत आणि सलग सुट्ट्यांच्या दिवसांत तो भरतो. त्या काळात दिवसाचा प्रवेशही आधी नोंदवूनच ठेवा.

व्हिसा

भारतीय पासपोर्टधारकाला साध्या पासपोर्टवर तिथे आपोआप प्रवेश मिळत नाही. एकट्या कुटुंबाचा नेहमीचा रस्ता म्हणजे व्हीएफएस केंद्रातून (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून) व्हिजिटर व्हिसाचा अर्ज. २०२५ पासून मान्यताप्राप्त टूर कंपन्यांमार्फत जाणाऱ्या गटांसाठी वेगळी सोपी योजना सुरू झाली आहे. शिवाय डिजिटल परवान्याची पद्धतही टप्प्याटप्प्याने येत आहे. म्हणून अर्जाला बसण्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर एक नजर टाकाच.

नेहमीच्या अर्जासाठी डीएचए-८४ हा फॉर्म काळ्या शाईने भरायचा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस असावी आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. सोबत फोटो, जाण्या-येण्याच्या तिकिटाचं आरक्षण, मुक्कामाची पत्रं, बँकेचा तीन महिन्यांचा उतारा, नोकरी असेल तर कंपनीचं रजेचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचा आणि आयकराचा पुरावा. प्रवासाचा आराखडा एका पानावर, तारीखवार लिहून जोडा. स्वतः गाडी चालवणार आहात हे त्यात स्पष्ट लिहा आणि गाडीच्या आरक्षणाची प्रत लावा. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा.

मुलं बरोबर असतील तर जन्मदाखल्याकडे आधीपासून लक्ष द्या. दाखल्यावर आई आणि वडील दोघांचीही नावं हवीत. आपल्याकडे दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, असं फार घरांत असतं. माझ्या बहिणीच्या अर्जात नेमकं हेच झालं आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत शोधण्यात चार दिवस गेले. ती आधीच जोडून ठेवा. आई किंवा वडील एकटेच मुलाला घेऊन जात असतील, तर दुसऱ्या पालकाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. व्हिसा झाला तरी हे कागद हातातल्या बॅगेत बरोबर न्या.

पिवळ्या तापाची लस

यावर नीट थांबायला हवं, कारण इथे फसगत परतीच्या वेळी होते. दक्षिण आफ्रिका स्वतः पिवळ्या तापाच्या देशांत मोडत नाही आणि भारतही नाही. पण मुंबईहून जाणारे पुष्कळ लोक अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलतात आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही त्या यादीत आहेत. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते. भारतात परत येताना आपली विमानतळ आरोग्य यंत्रणा याबाबत त्याहून कडक आहे. प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा तिला अधिकार आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. वाटेत आफ्रिकेतला कुठलाही थांबा असेल तर लस घेऊन टाका. साठीच्या पुढच्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी आखाती देशांमार्गे तिकीट काढणं जास्त शहाणपणाचं.

क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही, पण गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात, हे पहिल्याच भेटीत सांगा.

परवाना आणि गाडी

तिथेही वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं, त्यामुळे आपला हात लगेच बसतो. इंग्रजीत छापलेला, फोटो आणि सही असलेला परवाना तिथे चालतो. तरीही इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढाच. गाडी देणाऱ्या कंपन्या ते मागतात आणि अपघात झाला तर विम्याचं काम सोपं होतं. त्यासाठी सारथी या सरकारी परवाना पोर्टलवरून फॉर्म ४-ए भरायचा. मूळ परवाना आणि पासपोर्ट लागतो, तिकिटाची प्रत आणि व्हिसा हाती आला असेल तर त्याचीही प्रत जवळ ठेवा. परमिट एक वर्ष चालतं, पण मूळ परवान्यासोबतच. मूळ परवाना घरी विसरलात तर परमिटला अर्थ नाही.

गाडी घेताना चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत रक्कम त्यावर अडवून ठेवतात. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी मिळत नाही. वयाची अट कंपनीगणिक बदलते. पंचविशीच्या आतल्या चालकाने ती आधी विचारून घ्यावी. दोघे चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारावर घ्या. फोर-बाय-फोरची गरज नाही, मुख्य रस्ते डांबरी आहेत. मात्र जरा उंच गाडी असली तर गवतापलीकडचं दिसतं. मोटरसायकल आणि उघड्या टपाची खासगी गाडी आत सोडत नाहीत.

गेटवर आणि आत

जोहान्सबर्ग विमानतळापासून एन-४ महामार्गाने मलेलाने गेट सुमारे चारशे किलोमीटर. रात्रीचं विमान उतरलं की लगेच निघू नका, एक रात्र शहरात काढा. गेटवर बुकिंगचं पत्र आणि सगळ्यांचे पासपोर्ट दाखवायचे, गाडीचा क्रमांक आणि माणसांची संख्या फॉर्मवर लिहायची, शुल्क भरायचं आणि प्रवेश परवाना घ्यायचा. डिकी उघडायला लावतात. ड्रोन नेऊ नका, त्यावर बंदी आहे.

आत सगळ्यात कडक नियम घड्याळाचा. मे ते जुलै गेट सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, कॅम्पचं दार पहाटे साडेचारलाच उघडतं आणि बंद व्हायची वेळ साडेसहा. अंधारात खासगी गाडी रस्त्यावर चालत नाही. उशीर झाला तर दंड होतो. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४०, पण हिशेब तासाला २५ किलोमीटरचाच धरा. लोअर साबी ते स्कुकुझा हा पन्नास किलोमीटरच्या आतलाच रस्ता. बिबट्या झाडावर होता, पुढे-मागे गाड्यांची रांग लागली आणि आम्हाला तेवढ्यालाच साडेतीन तास लागले. दाराशी पोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती.

ठरवून दिलेल्या जागांशिवाय गाडीतून उतरायचं नाही. खिडकीतून हात किंवा डोकं बाहेर काढायचं नाही, मुलांना सनरूफमधून उभं करायचं नाही. हत्ती कान पसरून तुमच्याकडे वळला तर शांतपणे मागे घ्या आणि त्याला रस्ता द्या. रस्ता त्याचाच आहे. पेट्रोल मोठ्या कॅम्पांत मिळतं. कॅम्पमध्ये ताबा दुपारी दोनपासून मिळतो आणि निघायच्या दिवशी सकाळी दहापर्यंत खोली सोडायची.

गेटवर मिळालेला परवाना डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवा. कॅम्पच्या रिसेप्शनवर तो दाखवावा लागतो. बाहेर पडतानाही तपासतात आणि डिकी पुन्हा उघडायला लावतात. गेंड्यांची शिकार रोखण्यासाठी ही तपासणी आहे, तेव्हा रांग लांब असली तरी घाई करू नका आणि परतीच्या चारशे किलोमीटरसाठी दिवसाचा उजेड हाती राहील अशा बेताने निघा.