शिष्यत्वाची किंमत

ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना. येशूच्या मागे जाणाऱ्याला त्यापायी जे सोडावे आणि सोसावे लागते, म्हणजे मालमत्ता, नातीगोती, मानमरातब, प्रसंगी प्राण, ते सारे या संज्ञेत येते. बायबलच्या नव्या करारात शिष्याला वापरलेला ‘माथेतेस’ हा ग्रीक शब्द मुळात शिकणाऱ्याचा वाचक आहे. शुभवर्तमानांतले, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांतले, शिकणे मात्र गुरूसोबत चालण्यातून घडते, आणि हा गुरू यरुशलेमच्या वाटेवर, मरणाकडे निघालेला आहे.

संकल्पनेचा मुख्य आधार म्हणजे लूककृत शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय. मागून मोठा जमाव चालत असताना येशू वळून दोन दाखले देतो. बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो; नाहीतर पाया घालूनच काम थांबते आणि बघणारे हसतात. दहा हजार सैन्याचा राजा वीस हजारांशी झुंजण्याआधी आपले बळ जोखतो. येथे हिशेबासाठी आलेले ग्रीक क्रियापद खडे मांडून मोजण्यावरून बनले आहे. एवढ्या व्यवहारी दाखल्यांनंतरचा निष्कर्ष मात्र व्यवहाराला धक्का देणारा आहे: जो आपले सर्वस्व सोडत नाही, त्याला शिष्य होता येत नाही. या हिशेबात हातात शिल्लक काहीच उरत नाही, आणि हे लोकांना निघण्याआधीच सांगितले जाते.

याच उताऱ्यात आईबाप, बायकामुले यांचा ‘द्वेष’ करण्याची भाषा येते. तिचा अर्थ प्रेमाचा अग्रक्रम असा घेतात. मत्तयाने हेच ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशा शब्दांत मांडले आहे. ‘आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावे’ या येशूच्या वचनात लूक ‘दररोज’ हा शब्द घालतो, तो मार्कमध्ये नाही. आजकाल कुठल्याही दुखण्याला किंवा संकटाला ‘माझा क्रूस’ म्हटले जाते. त्याने मूळ अर्थ पातळ होतो. वधस्तंभ ही रोमी राजवटीची गुलाम आणि बंडखोरांसाठीची शिक्षा होती, आणि येथे तो स्वतः होऊन उचलायचा आहे.

ही किंमत कागदावर उतरली ती रोमन सम्राट डेसियसच्या काळात. इ. स. २५० च्या सुमारास साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम निघाला. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर या पतितांना परत घ्यावे का, यावरून मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदाय, दुभंगल्या. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन नकारावर ठाम राहिला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता. त्याने पश्चात्तापाची वाट खुली ठेवली. २५८ मध्ये पुन्हा पाळी आली तेव्हा त्याने शिरच्छेद पत्करला.

तारण कृपेने फुकट मिळते, तर मग किंमत कसली, हा प्रश्न विशेषतः प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेत टोचतो. नाझी राजवटीचे विरोधक असलेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ च्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ आणि ‘मोलाची कृपा’ असा भेद केला. त्यांच्या मते क्षमेचा आधार घेऊन आज्ञापालन टाळले की कृपा स्वस्त होते. १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोहोचले होते. काही आठवड्यांतच जर्मनीत परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छावणीत त्यांना फाशी देण्यात आले.

किंमत मोजणारा नेहमी एकटाच मोजत नाही, या बाजूकडे उपदेशांत फारसे लक्ष जात नाही. कार्थेजमध्ये २०३ मध्ये मारल्या गेलेल्या पर्पेच्युआच्या तुरुंगातील निवेदनात तिचा म्हातारा बाप पाया पडून विनवतो, आणि तिचे तान्हे मूल त्याच्याकडे राहते. तिच्याबरोबर मेलेली दासी फेलिसिटी तुरुंगातच बाळंत झाली. तिच्या मुलीला मंडळीतल्या एका बाईने पोटच्या लेकीसारखे वाढवले.