भारी लेदर बूट घेण्याआधी: पाय, चामडे आणि शिलाई

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भारी बुटांची जोडी हातात घेतली की बहुतेक ग्राहक आधी चकाकी बघतात, मग किंमत विचारतात आणि नंबर अगदी शेवटी सांगतात. आम्ही उलटीकडून सुरुवात करतो. चकाकी पॉलिशने आणता येते, चुकीचा बूट मात्र कशानेच बरोबर होत नाही.

आठ नंबर, पण कुठला आठ?

लहानपणापासून चपलेत वाढलेल्या पायाचा चवडा पसरट असतो आणि टाच त्या मानाने अरुंद. आमच्याकडे येणारे बरेच पाय असेच. अशा माणसाला चवड्यात बूट आवळतो, म्हणून तो एक नंबर मोठा मागतो. मोठा बूट सैल बसतो, तेवढ्यापुरते बरे वाटते आणि खरी गडबड तिथेच होते.

इंग्लिश मापात (आपल्याकडचे सहा-सात-आठ हे त्यातलेच) एक नंबर वाढला की लांबी इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. त्याबरोबर बुटाची सर्वांत रुंद जागाही पाच-सहा मिलिमीटर पुढे सरकते. तुमचा चवडा मात्र जिथे होता तिथेच राहतो. मग बूट वाकायच्या जागी वाकत नाही आणि टाच प्रत्येक पावलाला वर निघते.

मागच्या लग्नसराईत एक नवरदेव असाच बूट घेऊन आला. पुण्यात नोकरी, बूट ऑनलाइन मागवलेला, नऊ नंबर. "मालक, लग्न सात दिवसांवर आलंय, टाच चावतीय." बूट हातात घेतला तर घडी थेट टो कॅपच्या (बोटांवर येणाऱ्या पुढच्या तुकड्याच्या) शिलाईवर पडलेली. ती घडी खरे तर कॅपच्या मागे, बोटे जिथे वाकतात तिथे पडायला हवी. पाय मोजला तर आठ भरला, फक्त रुंद. त्याला नऊ नव्हे, रुंद फर्म्यावरचा आठ हवा होता. आम्ही बुटाच्या जिभेखाली पॅड लावून पाय मागे ढकलला, टाचेला मऊ पट्टी दिली. लग्न निभावले, पण त्याला आम्ही उपाय म्हणणार नाही.

फर्मा म्हणजे ज्याच्यावर बूट चढवून बनवतात तो लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाय. एकाच कंपनीत एकाच नंबरचे अनेक फर्मे असतात. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनची एडवर्ड ग्रीन (१८९० पासून) घ्या. तिचा २०२ नंबरचा फर्मा गोल तोंडाचा, तर ८८८ चौकोनी तोंडाचा. दोन्हीतला 'आठ' पायाला वेगळा लागतो. बुटाची रुंदी सांगणाऱ्या अक्षरांचेही तेच. एडवर्ड ग्रीनकडे 'ई' ही नेहमीची रुंदी, अमेरिकेच्या अ‍ॅलन एडमंड्सकडे 'डी'. शिवाय अमेरिकन नंबर इंग्लिश नंबरापेक्षा अर्धा ते एक जास्त असतो, आणि युरोपियन ४१-४२ चे गणित आणखी निराळे: तिथे एक नंबर म्हणजे पाऊण सेंटिमीटरही नाही, साधारण पावणेसात मिलिमीटर. म्हणून नातेवाइकांकडून परदेशातून बूट मागवताना नुसता नंबर कळवू नका. मॉडेल कळवा, जमल्यास फर्म्याचे नाव कळवा, आणि दोन्ही पायांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये द्या. दोन पाय सारखे नसतात, मोठा पाय धरून माप घ्यायचे.

बसला की नाही, कसे ओळखाल

माप संध्याकाळी घ्या, उभे राहून, ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच मोजे घालून. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर संध्याकाळपर्यंत पाय चांगलाच फुगतो. सकाळी मापात बसलेला बूट रात्री रिसेप्शनला नकोसा होतो, ही तक्रार आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो.

ऑक्सफर्ड (नाडीच्या पाकळ्या पुढच्या भागाखाली शिवलेला बूट) असेल तर नाडी बांधल्यावर दोन्ही पाकळ्यांकडे बघा. नव्या बुटात त्यांच्यामध्ये बोटभर फट राहावी, कारण पुढे चामडे आणि इनसोल (पायाखालचा आतला तळ) दबते आणि ती मिटत जाते. पाकळ्या पहिल्याच दिवशी चिकटल्या तर बूट पायावर सैल आहे. फट 'व्ही'सारखी फाकली तर पायाचा वरचा उंचवटा त्या बुटाला जास्त होतोय. अशा पायाने ऑक्सफर्डचा हट्ट सोडून डर्बी घ्यावा. डर्बीच्या पाकळ्या वरून बसवलेल्या असल्याने हव्या तेवढ्या उघडतात. लग्नाला डर्बी चालतो का, असे विचारतात. काळा, साधा, चांगला पॉलिश केलेला असेल तर खुशाल चालतो.

टाच नव्या बुटात थोडी हलतेच, कारण सोल अजून ताठ असतो. आठवड्यानंतरही हलत असेल तर मात्र फर्मा तुमचा नाही. चवड्यात किंचित आवळत असेल तर आम्ही ताणून थोडी जागा करून देऊ शकतो. लांबी मात्र कुणालाही ताणून वाढवता येत नाही.

चामडे

डब्यावर 'अस्सल लेदर' लिहिले म्हणजे प्लॅस्टिक नाही, एवढेच कळते. अस्सलमध्येही जनावराच्या कातडीचा वरचा थर न घासता राखलेले चामडे वेगळे, आणि डाग लपवायला घासून वर रंगाचा जाड लेप दिलेले वेगळे. अंगठ्याने हळूच दाबून बघा. चांगल्या काफ लेदरवर (वासराच्या चामड्यावर) बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट उचलले की मिटतात. लेप दिलेल्यावर जाड घडी पडते, पुढे तिथेच तडा जातो. दोन्ही बूट शेजारी ठेवून पोतही जुळवा. डाव्याचा पोत बारीक आणि उजव्याचा ढिला असेल तर एका पायाला पोटाकडचे चामडे लागले आहे.

आतले अस्तर पूर्ण चामड्याचे असावे. आपल्या उन्हात घाम चामडे पिते, कापडी किंवा रेक्झिनचे अस्तर पीत नाही. टाचेचा भाग बाहेरून चिमटीत दाबा, तो कडक हवा.

शिलाई

जिथे पैसे जातात ते इथे. गुडइयर वेल्ट पद्धतीत बुटाच्या कडेने चामड्याची पट्टी (वेल्ट) शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. मधल्या पोकळीत बुच भरतात, ते महिनाभरात तळव्याच्या आकाराने दबते. सोल झिजला की काढून नवा बसवता येतो, वरच्या बुटाला धक्का न लागता. ब्लेक शिलाईत टाका थेट इनसोलमधून आरपार जातो. बूट हलका आणि लवचिक होतो, पण ओल लवकर आत येते आणि सोल बदलायला वेगळे मशीन लागते. तिसरा प्रकार नुसता चिकटवलेला.

चिकटवलेल्याला आम्ही वाईट म्हणत नाही, वर्षातून चार वेळा घालायला तो पुरतो. फक्त त्याला वेल्टच्या किमतीत घेऊ नका. काही बुटांना शिवलेली दिसणारी खोटी पट्टी वरून चिकटवलेली असते. मशिनने शिवलेल्या खऱ्या वेल्टचे टाके बहुधा सोलच्या खालून, निदान टाके लपवायला कापलेल्या खाचेच्या रेषेत, सापडतात. आणि पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचे प्लॅस्टिक) सोलचा बूट 'लग्नाचा' म्हणून पाच-सहा वर्षे माळ्यावर ठेवू नका. काढाल तेव्हा सोल कडक भाकरीसारखा मोडून हातात येईल, एकदाही न घालता.

ग्राहक विचारतात, इंग्लंडचा चाळीस-पन्नास हजारांच्या पुढचा बूट खरेच एवढा वेगळा असतो का? चामड्याची निवड आणि फर्म्याची रेघ वेगळी असते, हे मान्य. पण आंबूर आणि आग्र्याकडूनही वेल्ट शिलाईचे चांगले बूट बाहेर जातात. तुमच्या पायाचा फर्मा तिथे मिळाला तर उरलेले पैसे दुसऱ्या जोडीत घाला. जोडी एक दिवसाआड घातली की घाम सुकायला वेळ मिळतो आणि दोन्ही जोड्या जास्त टिकतात.

एक गोष्ट आपल्या घरचीच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सोलापूर जिल्हाही आहे. त्या चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणून ती पहिले काही दिवस चावते आणि मग पायाचा ठसा घेते. भारी बुटाचे इनसोल आणि लेदर सोलही अशाच वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचे असते. ज्याने कोल्हापुरी रुळवली आहे, त्याला नवा बूट रुळवायला शिकवावे लागत नाही: आधी घरात तासभर, मग दोन तास.

घरात घालून बघताना सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर चाला. सोलला ओरखडा नसेल तर जोडी आठ दिवसांत बदलून देतो. बूट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, मेमध्ये डिंक सुटतो. महिन्यातून एकदा क्रीम लावा. लेदर सोलला खालून पातळ रबर हवे असल्यास आमच्याकडे बसवून मिळेल.

माप घ्यायला येताना जुने, झिजलेले बूट बरोबर आणा. दुपारी दोन ते चार दुकान बंद असते.