भिंतीचं भाडं कोण भरतं? मुंबईतल्या छोट्या आर्ट गॅलऱ्यांची पार्श्वभूमी

मुंबईत चित्रांचं प्रदर्शन बघायला जायचं म्हटलं, की आपली पावलं आपसूक जहांगीर आर्ट गॅलरीकडे वळतात. त्यात नवल नाही. चर्चगेटहून चालत जाता येतं, तिकीट नाही, दार सताड उघडं, आणि एका फेरीत चार-पाच जणांचं काम बघून होतं. पण तिथून रीगल सिनेमाच्या दिशेने निघून कुलाब्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं, की वेगळंच जग लागतं. जुन्या इमारतीचा जिना, वरच्या मजल्यावर नावाची लहानशी पाटी, बंद दार, बेल. आत एकाच कलावंताचं काम, तेही चांगलं महिना-सव्वा महिना मांडलेलं. जहांगीरची वारी नेमाने करणाऱ्या कितीतरी मराठी रसिकांनी हे जिने कधी चढलेले नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

प्रवेश दोन्हीकडे फुकटच. फरक आहे तो व्यवहारात. जहांगीरमध्ये चित्रकार अर्ज करतो, छाननीतून पार पडला की नंबर लागायची वाट बघतो, आणि त्यात काही वर्षं जातात. मग आठवड्याचं भाडं भरून त्याला भिंत मिळते. फ्रेमा, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, सगळं त्याच्याच खिशातून. खासगी गॅलरीत याच्या उलट. तिथे गॅलरी कलावंताला निवडते, जागेचा आणि मांडणीचा खर्च स्वतः उचलते आणि काम विकलं गेलं तर किमतीतला वाटा घेते, बहुतेक ठिकाणी निम्मा. निम्मा म्हटल्यावर लोक दचकतात. पण एकाही चित्राला विकलं गेल्याची लाल टिकली लागली नाही, तर तो सबंध महिना गॅलरीच्या अंगावर पडतो. मुंबईत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कोणती कला लोकांसमोर आली आणि कोणती घरातच राहिली, हे बऱ्याच अंशी याच हिशेबावर ठरत आलं आहे.

सुरुवातीला तर गॅलरी हा प्रकारच नव्हता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली. सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन भरायचं, बक्षिसं आणि पदकं दिली जायची, नाव व्हायचं. पण एका माणसाचं काम एकत्र लावून निवांत बघावं, अशी जागा शहरात नव्हती. चाळीसच्या दशकात हिटलरच्या छळाला कंटाळून युरोपातून आलेल्या तिघांनी इथल्या तरुण चित्रकारांना आधार दिला. टाइम्स ऑफ इंडियात कलाविभाग सांभाळणारे वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडेन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. या गटाचं १९४९ मधलं गाजलेलं प्रदर्शन भरलं तेही बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या दालनात. त्यांना स्वतःची अशी भिंत नव्हती.

याच काळात केकू गांधी हे पारशी गृहस्थ फ्रेमा बनवण्याच्या धंद्यात होते. १९४१ साली त्यांनी केमोल्ड फ्रेम्स सुरू केली होती. चित्रकार फ्रेमेसाठी येणार, गप्पा मारणार, पैसे नसले तर चित्र ठेवून जाणार, हे ओघानेच आलं. दुकानात तरुणांची चित्रं लागू लागली. मुंबईच्या गॅलऱ्यांचं मूळ शोधायला गेलं, तर ते असं फ्रेमेच्या दुकानात सापडतं.

जहांगीर आर्ट गॅलरी उघडली २१ जानेवारी १९५२ रोजी. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. आराखडा वास्तुविशारद दुर्गा बाजपेयी यांचा, उद्घाटन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. जहांगीरचे उपकार मोठे आहेत. गावाकडून आलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या पोरालाही तिथे रीतसर अर्ज करता येतो, हे आजही खरं आहे. आत समोवार हे उपाहारगृह होतं, १९६४ ते २०१५, चहा आणि वादविवादांसाठी. ते बंद झालं तेव्हा कितीतरी जणांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

पण भाड्याच्या भिंतीला मर्यादा असते. पदरचे पैसे घालून आठवडाभरासाठी भिंत घेतलेला चित्रकार जे खपेल ते लावणार. त्याला दोष कसा देणार?

पहिला वेगळा प्रयत्न बाल छाबडा यांचा. स्वतः चित्रकार, सिनेमाच्या धंद्यातून आलेले. भुलाभाई देसाई यांच्या नावाच्या वॉर्डन रोडवरच्या संस्थेत त्यांनी १९५९ साली ‘गॅलरी ५९’ काढली. त्या वास्तूत तेव्हा कोण नव्हतं? गायतोंडे, हुसेन, नसरीन मोहमदी यांचे स्टुडिओ, अल्काझींचं नाटक, रविशंकरांचं संगीत. गॅलरी ५९ फार वर्षं चालली नाही आणि पुढे ती वास्तूही गेली. मात्र चित्रकाराच्या मागे उभी राहणारी गॅलरी मुंबईत काढता येते, एवढं त्यातून दिसलं.

मग आलं १९६३. त्याच एका वर्षात काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनला पंडोल आर्ट गॅलरी सुरू केली आणि केकू व खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड. खाली भाड्याच्या भिंती, वर निवडलेली भिंत, एकाच छपराखाली, आणि ही व्यवस्था चांगली ४४ वर्षं टिकली. केमोल्डच्या त्या लहानशा खोलीत काय काय झालं, याची यादी मोठी आहे. त्यातल्या दोनच गोष्टी सविस्तर सांगतो, कारण त्यांतून या व्यवहाराचा अर्थ कळतो.

पहिली १९७५ सालची. चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी कामाच्या निमित्ताने डहाणू भागात फिरत होते. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. लग्न आटोपलं की त्या चित्राचं कामही संपलं. कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे हे मात्र पुरुष असून रोज चित्रं काढत. शेत, मासेमारी, मुंग्या, तारपा नाच, जे दिसेल ते. कुलकर्णींनी त्यांना कागद आणि रंग दिले, आणि १९७५ साली त्यांचं काम केमोल्डमध्ये लागलं. आज वारली चित्रं उशीच्या अभ्र्यापासून रेल्वे स्टेशनच्या भिंतीपर्यंत सगळीकडे आहेत. पण त्या वेळी एका आदिवासी चित्रकाराचं काम त्याच्या स्वतःच्या नावानिशी, शहरातल्या आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने लावणं याला धाडस लागत होतं. आठवड्याचं भाडं भरून म्हसे जहांगीरला आले असते का? २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

दुसरी गोष्ट १९९२ ची. नलिनी मलानी यांचा स्टुडिओ तेव्हा लोहार चाळीत होता. हमाल, हातगाड्या, वायरींची दुकानं, फुटपाथवर झोपणारी माणसं. नाथद्वाऱ्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं देखभालीअभावी नष्ट होत असल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्र रंगवलं, ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या नावाने. विकायला काहीच नव्हतं. लोकांनी यावं, बघावं, आणि मुदत संपली की भिंतीवर पांढरा हात फिरवायचा, हे आधीच ठरलेलं. तसंच झालं. चित्र गेलं. ज्या धंद्याचं पोट चित्र विकून भरतं, त्याने आपली भिंत अशा कामाला द्यावी, यात मला या सगळ्या इतिहासाचं मोठेपण दिसतं. त्याच वर्षाच्या शेवटी शहरात दंगली पेटल्या. त्यानंतर रुमाना हुसेन यांचं काम मुळापासून बदललं. कॅनव्हास सोडून त्या वस्तू, फोटो, मातीची भांडी, स्वतःचं शरीर यांच्याकडे वळल्या. त्यांचं ‘होम/नेशन’ हे मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) १९९६ साली केमोल्डमध्येच लागलं.

मधल्या काळात इतरही आले. १९७१ साली ब्रीच कँडीला सिमरोझा, नव्वदच्या दशकात लकीरें आणि गिल्ड. १९९६ साली कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं, म्हणजे सरकारी भिंतही आली. तिचे प्रश्न निराळे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवलं गेलं. बरवे यांच्यासारख्या स्वतःच्या वाटेने गेलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनात हे घडावं, याचं वाईट वाटतं. भिंतीचा मालक कोण यावर काय बोलता येतं तेही ठरतं.

नव्या शतकात पैसा आला. तैयब मेहता यांचं ‘सेलिब्रेशन’ २००२ साली ख्रिस्टीजच्या लिलावात दीड कोटीच्या आसपास गेलं, आणि २००५ मध्ये त्यांच्या ‘महिषासुर’ने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर चित्रकला आली ती अशी, आकड्यांमुळे. इथे एक गल्लत सर्रास होते. लिलावातला पैसा जातो चित्र विकणाऱ्या संग्राहकाला. चित्रकाराच्या हातात पैसा पडतो तो गॅलरीतल्या पहिल्या विक्रीत. पण बाजार तापला की नव्या गॅलऱ्या काढायचं बळ येतं, आणि तसं झालं.

या गॅलऱ्या कुलाब्यातच का जमल्या, हे जागा बघितल्यावर कळतं. गोदीच्या आणि व्यापाराच्या काळातल्या इमारती, उंच छत, जाड भिंती, आणि धंदा उठून गेल्यामुळे रिकामे पडलेले गाळे. प्रोजेक्ट ८८ ही गॅलरी २००६ साली एका जुन्या छापखान्याच्या जागेत आली. मिरचंदानी + स्टाइनरुके त्याच वर्षी ताजच्या मागे सनी हाउसमध्ये. २००८ साली तिसऱ्या पास्ता लेनमधल्या कापसाच्या गोदामात गॅलरी मस्कारा सुरू झाली. तिथल्या छताची उंची बघून मान मोडावी. केमोल्डनेही २००७ साली जहांगीर सोडलं आणि फोर्टात प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनमध्ये मोठी जागा घेतली. जागा बदलली तशी कलाही बदलली. व्हिडिओ, आवाज, खोलीभर मांडणी, हे सगळं त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मावलंच नसतं. २००८ च्या मंदीत बाजार बसला, कित्येकांचे हिशेब कोलमडले. तरी ज्यांनी मुळात कलावंत धरून ठेवले होते, ते बहुतेक तगले.

मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी जागा म्हणजे क्लार्क हाउस. २०१० साली सुमेश शर्मा आणि झाशा कोला यांनी रीगलजवळ, सहकारी भांडारासमोरच्या जुन्या ऑफिसच्या जागेत ती सुरू केली. तिथे जमली ती मुख्यतः मुंबईत शिकलेली, गिरणगावातून, उपनगरांतून आणि विदर्भातून आलेली पोरं. चंद्रपूरजवळच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते, ज्यांच्या घरची माणसं कोळशाच्या खाणीत राबली, त्यांनी २०१२ साली इथे कोळशानेच भिंती भरून टाकल्या. माणसांच्या धडावर खाणीतला दिवा, यंत्राचा सांगाडा, उकरलेली जमीन. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणपट्ट्यात राहिलेल्याला ती माणसं ओळखीची वाटतील. अमोल पाटील यांचे आजोबा पोवाडे रचायचे, वडील कामगारांच्या जगण्यावर नाटकं लिहायचे. तो वारसा घेऊन ते २०२२ साली जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनापर्यंत पोहोचले. या दोघांचीही सुरुवातीची भिंत कुलाब्यातली, आणि ती भाड्याने घेतलेली नव्हती.

आता या गॅलऱ्यांचं कॅलेंडर साधारण ठरलेलं आहे. पावसाळ्यात शक्यतो समूहप्रदर्शन, महत्त्वाची एकल प्रदर्शनं नोव्हेंबर ते मार्च. २०१२ पासून, बहुतेक वर्षी जानेवारीत, मुंबई गॅलरी वीकेंड होतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ ही कलाविक्रीची जत्रा पहिल्यांदा भरली. अशा जत्रेत स्टॉल घ्यायचा म्हणजे मोठा खर्च. भिंतीचं भाडं भरायची पाळी आता गॅलऱ्यांवर आली आहे, आणि मग खपेल ते लावण्याचा मोह त्यांनाही होतो. दक्षिण मुंबईतली भाडी तर आहेतच. गिल्ड मुंबई सोडून अलिबागजवळ गेली. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

या गॅलऱ्यांवर माझा एक आक्षेप आहे. दारापाशी ठेवलेलं टिपण जवळपास सगळीकडे फक्त इंग्रजीत असतं. चित्रकार लालबागचा किंवा चंद्रपूरचा, विषय कोळशाचा किंवा चाळीचा, आणि ते टिपण त्याच्या आईवडिलांना वाचता येऊ नये? एक पानभर मराठी छापायला फार खर्च येत नाही. रसिकांनीही आपल्या बाजूने संकोच सोडायला हवा. बेल वाजवली की दार उघडतात, ‘घेणार का’ असं कोणी विचारत नाही, आणि हवी तर किमतींची यादीसुद्धा दाखवतात. बहुतेक गॅलऱ्या रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारी जा.