पाठीवरची शर्यत, पाण्याखालची

दम लागला की उताणं व्हायचं, हे विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यामुळे बॅकस्ट्रोक म्हणजे निवांत पडून राहण्याचा प्रकार, असा समज पक्का बसलाय. तो निघत नाही म्हणून आज जलतरणपटू दारिना झेविनाबद्दल लिहितोय.

झेविना युक्रेनची, कीव शहरातली, जन्म १९९४चा. २०१२मध्ये इस्तंबूलच्या शॉर्ट कोर्स जागतिक स्पर्धेत तिने २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. युरोपच्या शॉर्ट कोर्स स्पर्धांतही तिचा दबदबा होता. लंडन आणि रिओ ऑलिंपिकला मात्र पदक नाही. अशा वेळी ‘मोठ्या स्पर्धेचं दडपण’ म्हणून लोक मोकळे होतात. असेलही दडपण. पण शॉर्ट कोर्सचा तलाव २५ मीटरचा, ऑलिंपिकचा ५०चा, आणि तेवढ्या फरकाने शर्यतीचं भौतिकशास्त्रच पालटतं.

पृष्ठभागावर पोहणारं शरीर म्हणजे एक होडी. डोक्यापुढे पाणी तुंबून उंचवटा होतो, त्यामागे खळगा, मग पुन्हा उंचवटा. ही लाट पोहणाऱ्याच्याच वेगाने सरकते. खोल पाण्यात जास्त वेगाची लाट जास्त लांब असते: वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले लाटेची लांबी, भागिले २π (π म्हणजे वर्तुळाच्या गणितातला ३.१४). लांबी दोन मीटर धरा (हात ताणलेला पोहणारा साधारण तेवढा भरतो), तर वेग येतो सेकंदाला १.७७ मीटर. अव्वल मुलींना २०० मीटरला दोन मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे सरासरी वेग १.६५च्या आगेमागे. थोडक्यात, त्या या मर्यादेला जवळजवळ टेकलेल्याच असतात. याहून जोर लावला की लाट शरीरापेक्षा लांब होते, मागचा उंचवटा पायांखालून निसटतो, पाय खळग्यात बसतात आणि पोहणारी आपणच उभ्या केलेल्या चढावर चढत राहते. वाढवलेली ताकद लाट उठवण्यातच खर्ची पडते.

सूत्र डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, लाट वर असते एवढंच धरून चला. अर्धा-पाऊण मीटर खाली गेलं की लाट जवळपास उठतच नाही. पाण्याचा नेहमीचा विरोध तेवढा उरतो. म्हणून वळणावर भिंतीला लाथ मारून मिळालेला वेग पाण्याखालीच डॉल्फिन किकने टिकवायचा. दोन्ही पाय जुळलेले, लहर धडातून निघून पावलांपर्यंत जाते, आणि प्रत्येक फटक्याला मागे एक भोवरा सुटतो. भोवऱ्यांबरोबर पाणी मागे जातं, शरीर पुढे. उताणं असल्यामुळे नाकात पाणी शिरू पाहतं, म्हणून नाकातून थोडी थोडी हवा सोडत राहायची, आणि तीही पुरवून वापरायची.

अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये पहिल्या लांबीचा (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराचा) निम्म्याहून अधिक भाग असाच पाण्याखाली कापला. प्राथमिक फेरीत विश्वविक्रम केला, अंतिम फेरीत मात्र जपानचा दाइची सुझुकी जिंकला. तोही बराच वेळ पाण्याखालीच होता. वरून बघणाऱ्यांना रिकामा तलाव दिसायला लागला, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने आधी १० आणि पुढे १५ मीटरची मर्यादा घातली.

आता हिशेब करा. ५० मीटरच्या तलावात २०० मीटरच्या चार लांब्या, म्हणजे पाण्याखाली जास्तीत जास्त ६० मीटर. २५च्या तलावात आठ लांब्या, म्हणजे १२० मीटर. अंतर तेच, पण एक शर्यत बरीचशी लाटांवरची आणि दुसरी बरीचशी लाटांखालची. म्हणून एकीतली राणी दुसरीतही राणी असेलच असं नाही.

रिओमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या अंगावरचे कपिंगचे (कातडीला पेले चिकटवून ती ओढून धरण्याच्या उपचाराचे) गोल डाग जगभर गाजले आणि त्या उपचाराला आयती जाहिरात मिळाली. त्या डागांनी लाट तसूभरही लहान होत नाही.

बॅकस्ट्रोकवालीला भिंत दिसत नाही, ही आणखी एक गंमत. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर झेंड्यांची माळ टांगलेली असते. ती दिसली की हात मोजायचे, ठरलेल्या हाताला पालथं व्हायचं आणि कोलांटी मारायची. एक हात कमी पडला तर भिंत लांब राहते, एक जास्त झाला तर डोकं आपटतं. ५०च्या तलावात हे तीनदा जमवायचं, २५च्या तलावात सात वेळा.